तीन गोष्टी नकोत, एकच दोनदा सांगा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: बीड जिल्ह्यातल्या एका गावात ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे. तिथं काम करणाऱ्या ताईंनी हे पत्र लिहिलंय. बालविभागाचं कपाट भरलेलं असूनही लेकरं फिरकत नाहीत, म्हणून त्यांनी शनिवारी सकाळी गोष्टीचा तास सुरू केला. पहिला विषय होता पाऊस. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी तीन गोष्टी आणि कार्डशीटची छत्री असा बेत ठरवला. अडीच ते नऊ वर्षांची अठ्ठावीस लेकरं आली. दुसऱ्या गोष्टीलाच निम्मी पळायला लागली आणि छत्र्या शेवटी आयांनीच चिकटवल्या. जाताना एका आईनं विचारलं, “ह्यातून लेकरं काय शिकली?” अध्यक्षांना फोटो हवे आहेत. आता पोळा जवळ आलाय, हाताशी पाचशे रुपये आहेत आणि मातीचे बैल करायचा विचार आहे. पण गेल्या वर्षी घरी केलेल्या बैलांचे पाय दुसऱ्याच दिवशी गळून पडले होते. ताईंचे प्रश्न: गोष्टी कोणत्या घ्याव्यात, बोध काय ठेवावा, लेकरांना जागेवर कसं बसवावं आणि “मला गोष्ट सांगायची कलाच नाही का?”

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अठ्ठावीस लेकरांसमोर लागोपाठ तीन गोष्टी सांगायला कसलेला कथेकरीही कचरेल. कीर्तनातसुद्धा लेकरं मांडीवर झोपतात, नाहीतर मंडपाबाहेर खेळतात, आणि त्यासाठी कुणी बुवांना बोल लावत नाही. पळापळ झाली ती बेतामुळं. बेत बदलता येतो.

तुम्ही विषय ठरवलात, मग त्यात बसणाऱ्या गोष्टी शोधल्या आणि मग त्या विषयाची दिसेल अशी वस्तू शोधली. म्हणून छत्रीचा गोष्टीशी संबंध उरला नाही. गोष्ट संपली आणि दुसरंच काम सुरू झालं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला ‘विषय’ कळत नाही. त्याला कळतं की शेळीनं काहीतरी दिलं, बैलानं ते घेतलं आणि पुढं गेला. त्यामुळं आधी एक गोष्ट ठरवा. हातानं करायची वस्तू त्या गोष्टीतूनच निघू द्या, म्हणजे घरी गेल्यावर ती वस्तू हातात धरून लेकरू गोष्ट सांगू शकेल. भिंतीवरच्या पताका, बैलांची चित्रं, फळ्यावरची रांगोळी हे सगळं नाही केलं तरी चालतं.

पोळ्यासाठी एक सांगाडा देते, त्यात तुमच्या गावचे तपशील भरा. पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणी झाल्यावर बैलाच्या लक्षात येतं की गळ्यातलं घुंगरू नाही. तो शोधायला निघतो आणि भेटेल त्याला विचारतो, “घुंगरू माझं हरवलं, कुणाला का गवसलं?” शेळी म्हणते, घुंगरू नाही बाबा, पण ही कडुनिंबाची डहाळी घे. चिमणी म्हणते, घुंगरू नाही, पण घरट्यातला सुतळीचा तुकडा घे. वाती वळत बसलेली आजी कापसाचा गोंडा देते. ट्रॅक्टर काहीच देत नाही, नुसता धुर्रर्र करतो (हा टप्पा लेकरांना सगळ्यात जास्त आवडेल, तो गाळू नका). शेवटी गोठ्यात परत आल्यावर खुळखुळ ऐकू येतं. घुंगरू वासराच्या गळ्यात असतं. बैल बघतो, फुरफुरतो आणि राहू देतो.

इथं थांबायचं. “म्हणून लेकरांनो, आपणही...” हे जोडू नका. बोध सांगितला की ऐकणाऱ्याचं काम संपतं. ज्यांना बैलाचं वागणं पटलं ती लेकरं गप्प बसतील, एखादं म्हणेल “मी नसतं दिलं.” तेही चालेल. शाळेतल्या गुरुजींना बोध हवाच असेल तर तो त्यांनी वर्गात काढावा.

गोष्ट पाठ करू नका, टप्पे लक्षात ठेवा: शेळी, चिमणी, आजी, ट्रॅक्टर, वासरू. कागदाच्या पाठकोऱ्या तुकड्यावर पाच चित्रं काढून मांडीवर ठेवलीत की पुरे. बैलाचा प्रश्न प्रत्येक वेळी त्याच शब्दांत, त्याच चालीवर यायला हवा. पहिल्या दोन वेळा तुम्ही म्हणाल. तिसऱ्या वेळी “घुंगरू माझं...” एवढं म्हणून थांबा, पुढचं लेकरं म्हणतील. गोंगाट वाढला तर आवाज चढवू नका, उतरवा. मध्येच “सांगा बरं, शेळी किती पायांची?” असली चाचणी घेऊ नका, तिथं गोष्ट तुटते. कुणी “आमच्याकडं बैल न्हाई, ट्रॅक्टर हाय” म्हणालं तर “मग बैल तुमच्या ट्रॅक्टरलाच भेटला” असं म्हणून पुढं चला. गोष्ट तुमच्या घरच्या बोलीत सांगा. तांड्यावरची किंवा दखनी बोलणारी लेकरं येत असतील तर शेळीचा, चिमणीचा, ट्रॅक्टरचा आवाज त्यांच्याकडून काढून घ्या. आवाजाला भाषा लागत नाही आणि ती लेकरंही गोष्टीत येतात.

पुस्तकातूनच वाचायचं असेल तर वीतभर रुंदीचं पुस्तक आठ-दहा लेकरांच्या पलीकडं दिसत नाही. मागची दिसत नाही म्हणून उठतात, पुढची उठलेल्यांना बघून उठतात. तुम्ही त्या दिवशी पुस्तकातून वाचलं असेल तर पळापळ काही अंशी इथूनच सुरू झाली असणार. ‘स्टोरीविव्हर’ ह्या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट उतरवून घेता येतात. त्यातली चार-पाच चित्रं मोठी छापून घेतली तर मागच्यालाही दिसतात. तुम्ही भिंतीला पाठ लावून बसा. पाठीमागं खिडकी असेल तर लेकरांना तुमचा चेहरा काळा दिसतो. आणि दार लेकरांच्या पाठीशी यायला हवं, नाहीतर येणारा-जाणारा प्रत्येक जण गोष्टीत शिरतो.

वयाचं मात्र मनावर घ्या. अडीच वर्षांचं आणि नऊ वर्षांचं लेकरू एका तासात नांदत नाही. साडेनऊला तीन ते सहा वर्षांची घ्या, पंधरा-सोळापेक्षा जास्त नकोत. साडेदहाला मोठी येऊ देत. तीनच्या आतलं आईच्या मांडीवर बसणार असेल तरच आत. जागा किंवा माणूस नसेल तर आलटून पालटून शनिवार ठेवा. मोठ्यांना “लहानांना मदत करा” म्हणून बसवलंत तर तीही आयांसारखी लहानांचं काम हिसकावून घेतात.

आता माती. तुमच्या बैलांचे पाय का गळाले, ते मातीतच आहे. आपली काळी माती पाणी धरून फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्या ह्याच कारणानं. बैलाचं पोट जाड असतं, ते हळू वाळतं. पाय बारीक, ते लवकर वाळून आकसतात आणि जोडावर तडा जातो. त्यात पाय वेगळे करून नुसते दाबून बसवले असतील तर ते राहायचेच नाहीत. ऊन दाखवलं असेल तर आणखी लवकर गळतात.

गावात कुंभार असेल तर त्याच्याकडूनच सहा किलो मळलेली माती पैसे देऊन घ्या. ती कालवून, खडे काढून तयार असते. नसेल तर काळी माती आणा, पण रानातली वरची नको. श्रावणात कापूस-सोयाबीनवर फवारण्या चालू असतात आणि लेकरं तोंडात हात घालतात. विहिरीच्या नाहीतर पायाच्या खोदकामातली खालची माती घ्या. वाळवून कुटा आणि पिठाच्या चाळणीनं चाळा. आपल्याकडच्या मातीत चुनखडे निघतात, बाभळीचे काटेही असतात. तीन वाट्या मातीला एक वाटी चाळलेली बारीक वाळू घाला. वाळू आकसत नाही, म्हणून तडे कमी जातात. पाच किलो मातीला वर्तमानपत्राची चार-पाच पानं रात्रभर भिजवून, कुस्करून, पिळून मिसळा. कागदाचे तंतू माती धरून ठेवतात. सगळं बादलीत भिजवा, दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून टाका आणि माती तरटावर पसरून हाताला चिकटणार नाही इतपत सुकू द्या. मग मळा. पेन्सिलीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळून बघा. फाटली तर पाणी कमी आहे किंवा वाळू जास्त झालीय. तळव्याला चिकटली तर अजून सुकू द्या. मळलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची.

एका लेकराला पाव किलो पुरते, म्हणजे पेरवाएवढा गोळा. पंधरा लेकरांना पावणेचार किलो. उरलेली दोनेक किलो आयांसाठी. प्रत्येक आईला तिचा वेगळा गोळा द्या. स्वतःचे हात मातीत असले की लेकराच्या बैलाकडं जात नाहीत. “मध्ये पडू नका” हे दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरं.

तीन-चार वर्षांच्या लेकरांनी बसलेला बैल करावा. लांबट गोळा, वर चिमटीनं वशिंड, पुढं ओढून तोंड. पाय पोटाखाली दुमडलेले, म्हणजे करायचेच नाहीत. जे नाही ते गळणार कसं? पाच-सहा वर्षांच्यांना उभा बैल हवाच असतो. त्यांना चारही पाय त्याच गोळ्यातून ओढून काढायला शिकवा, आखूड आणि जाड, अंगठ्याएवढे. काही जोडायचंच असेल तर दोन्ही बाजूंना जुन्या कंगव्यानं ओरखडे काढा, त्याच मातीचा पातळ पिठल्याइतका घोळ लावा, दाबा आणि सांधा बोटानं पुसून घ्या.

शिंगांना खराट्याच्या काडीचे दोन बोटांएवढे तुकडे, टोकं आधीच घासून बोथट केलेले. डोळे काडीनं टोचून करायचे. गुंजा अजिबात नकोत. दिसतात छान, घराघरांत असतात, पण चावून पोटात गेली तर गुंज विषारी असते. एरंडाच्या बियांचंही तेच. मणी आणि चिंचोके तीन वर्षांच्या हातात देऊ नका, ते नाकात जातात.

पोटाखाली ओलं असतानाच काडीनं लेकराची खूण कोरा: सूर्य, पान, मासा, जे ते म्हणेल ते. नाहीतर पुढच्या शनिवारी पंधरा बैल आणि पंधरा भांडणं. बैल घरी ओले पाठवू नका, रस्त्यातच मोडतात. वाचनालयात सावलीत, राख भुरभुरलेल्या फळीवर ठेवा. कागदावर ठेवले तर कागद चिकटतो. पहिल्या दिवशी वर ओलसर फडकं ठेवा, मग उघडे ठेवा, दोन दिवसांनी आडवे करा म्हणजे पोटाकडून वाळतील. श्रावणातल्या दमट हवेत पाच-सहा दिवस लागतात. तरीही एखाद्याला भेग पडेलच. ती घोळानं भरा. आणि तीन वर्षांच्या मालकाला भेगेचं काही वाटत नाही, आपल्यालाच वाटतं.

ह्यातून लक्षात आलं असेल की हे एका शनिवारचं काम नव्हे. ओल्या मातीवर रंग बसत नाही, चिखल होतो. पहिल्या शनिवारी गोष्ट आणि बैल, दुसऱ्या शनिवारी तीच गोष्ट आणि साज. हो, तीच गोष्ट. लेकरांना नवी गोष्ट हवी असते हा मोठ्यांचा समज आहे. त्यांना पुढं काय येणार हे माहीत असण्यातच मजा वाटते, आणि सात दिवसांनी ती तुमच्या आधी ट्रॅक्टर काढतील. दोन्ही शनिवार पोळ्याच्या आधीचे धरा. पोळ्याच्या दिवशी घराघरांत पुरणाची गडबड असते, कुणी येत नाही.

पहिल्या शनिवारी पाच मिनिटं जमायला, आठ-नऊ मिनिटं गोष्ट. मग तीन-चार मिनिटं सगळे बैल होऊन खोलीभर चालायचं, कारण बसून राहिलेलं अंग आधी मोकळं व्हावं लागतं. मग पंचवीस मिनिटं माती. हात धुवायला दहा मिनिटं धराच. दोन बादल्या ठेवा, पहिलीत मातीचा थर काढायचा, दुसरीत स्वच्छ करायचं. पाणीही वाचतं. पहिल्या बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका, माती बसून पाइप तुंबतो. झाडाला घाला.

दुसऱ्या शनिवारी रंग. अर्धी वाटी पाण्यात दोन चमचे गेरू आणि चमचाभर आदल्या रात्री भिजवलेला बाभळीचा डिंक. डिंक नसेल तर गेरू नुसता हाताला येतो. पांढऱ्यासाठी कुटलेला खडू, काळ्यासाठी बारीक वाटलेला कोळसा, दोन्हींत डिंक हवाच. रंग दाटच ठेवा आणि एकच हात द्या. कच्ची माती पाणी पिते, पातळ रंगानं वरचा थर सुटून पुन्हा चिखल होतो. चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. शिंगांचा ऑइलपेंटही लेकरांच्या हातात नको.

रंगवण्याआधी बैलांच्या दोन जातींची चित्रं दाखवा. लातूरकडचा देवणी आणि नांदेडकडचा लाल कंधारी. कंधारी सगळा लाल, त्याला गेरू पुरतो. देवणीत तीन प्रकार: वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवऱ्याच्या अंगावर काळे ठिपके वेडेवाकडे कसेही, आणि बालंक्या जवळजवळ पांढराच. शेवरा हा चार वर्षांच्या हातांसाठीच घडवलेला बैल म्हणावा, त्यात चुकायला जागाच नाही. सगळे बैल एकसारखे पांढरे आणि निळ्या शिंगांचे व्हावेत असा हट्ट मग आपोआप सुटतो.

रंग सुकेपर्यंत गोष्ट पुन्हा सांगा, ह्या वेळी बैल समोर घेऊन. शेळी आली की टोपलीतून प्रत्येकानं कडुनिंबाचं पान घ्यायचं आणि बैलाच्या पाठीवर ठेवायचं. चिमणी आली की वीतभर सुतळी, ती गळ्यात. सुतळी आधीच कापून ठेवा आणि गाठ तुम्ही मारा. आजी आली की कापसाचा गोंडा, तो वशिंडावर घोळानं चिकटवायचा. ट्रॅक्टरला फक्त आवाज. वासरू आलं की एक खरं घुंगरू तुमच्या हातात वाजवा, ते लेकरांना देऊ नका. असा सजलेला बैल घरी गेला की पानापासून गोष्ट सुरू होते.

त्या आईंना तेव्हा सांगा, “घरी गेल्यावर ‘काय शिकलास’ विचारू नका. ‘हे पान कुणी दिलं?’ एवढंच विचारा.” पुढचं त्यांना आपोआप कळेल: क्रम लावणं, कुणी काय म्हटलं ते सांगणं, अडीच ओळींचं वाक्य पुरं करणं.

अध्यक्षांच्या फोटोसाठी पंधरा वेगवेगळे बैल फळीवर ओळीनं मांडा, नाहीतर मातीनं भरलेले हात टिपा. लेकरांचे चेहरे मोबाइलच्या गटावर टाकायचे असतील तर आयांना आधी विचारा. ह्या फोटोत एकही बैल दुसऱ्यासारखा नसावा, हे अध्यक्षांनाही आधीच सांगून ठेवा. म्हणजे “हा वाकडा का?” हा प्रश्न यायचा नाही.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नव्हती, तरी लिहिते. पोळा म्हटलं की बैलजोडीवाल्या घरांचा सण असं होऊन बसतं. ज्यांच्याकडं रान नाही, जे पोळा करत नाहीत, त्यांची लेकरंही तुमच्याकडं येणार. म्हणून वाचनालयात पूजा ठेवू नका, ती घरी होतेच. इथं बैल हा गोष्टीतला प्राणी असू द्या. आणि तुमच्या जिल्ह्यात तर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली लेकरं बैल सगळ्यात जवळून ओळखतात: जू कसं ठेवतात, बैल कुठं अडतो, रात्री गाडीखाली कसं झोपायचं. त्यांना विचारा, ती सांगतील. पण ती दिवाळीनंतर गावात नसतात. तुमचा तास वर्षभर चालवायचा असेल तर त्यांचे शनिवार आत्ताच आहेत.

कुणी सुचवेल की मातीऐवजी कणीक घ्या. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, लागेल तसं एक वाटीपर्यंत पाणी, ह्या मापानं ती होते, टिकतेही. पण एवढं मीठ लेकरानं गिळलं तर त्रास होतो, आणि आपल्याकडं पिठाशी खेळणं कुणाला रुचतही नाही. माती मिळालीच नाही तरच हे करा.

मोठ्या गटासाठी वेगळी तयारी लागत नाही. गेल्या रब्बीचा कडबा गावात असतोच. त्याच्या ताटांची गाडी ही मुलं तुमच्यापेक्षा चांगली करतील, भेंडाची चाकं, सालाचे आस. साल मात्र बोट कापतं, ते तुम्ही आधी काढून ठेवा. लहानांचा बैल, मोठ्यांची गाडी. बैल जुंपायची वेळ आली की दोन्ही गट आपणच एकत्र येतील.

पाचशेतले निम्मे उरतील. त्यात चित्रं मोठी छापून घ्या. आणि माती गुरुवारीच भिजवा, शुक्रवारी सकाळी भिजवलीत तर शनिवारी ती हाताला चिकटेल.